हत्यार घ्यावे पारखून

विज्ञान प्रदर्शनासाठी एखादे उपकरण करायला घेतले की पहिली अडचण येते ती हत्यारांची. शेजारच्या काकांची पक्कड, वर्गमित्राच्या वडिलांचा स्क्रू-ड्रायव्हर, असे मागून किती दिवस चालवणार? मग आपण साठवलेले पैसे घेऊन दुकानात जातो. दुकानदार समोर दोन पकडी ठेवतो. दोन्हींची लांबी सारखीच, दोन्हींच्या मुठी लाल, दोन्ही चकचकीत. पण एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट! दुकानदार म्हणतो, “ही कंपनीची आणि ही लोकल.” आता कोणती घ्यायची?

महाग ते चांगले आणि स्वस्त ते टाकाऊ, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. काही स्वस्त हत्यारे जन्मभर पुरतात, तर काही महाग पेट्यांतली निम्मी हत्यारे कधी बाहेरही निघत नाहीत. शिवाय येथे केवळ पैशांचा प्रश्न नाही. सैल दांड्याची हातोडी किंवा टोक गुळगुळीत झालेला स्क्रू-ड्रायव्हर हाताला आणि डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून हत्याराची पारख विज्ञानाच्या कसोट्यांवर कशी करायची, ते आज पाहू.

किंमत कशाची असते?

एका हत्यारात तीन गोष्टी विकत मिळतात: धातू, त्या धातूवर केलेली उष्णतेची प्रक्रिया आणि मापातला अचूकपणा. चकाकी ही चौथी गोष्ट. ती डोळ्यांना दिसते, पण कामाला फारशी येत नाही.

प्रथम धातू पाहू. लोखंडात थोडासा कार्बन मिसळला की पोलाद होते. कार्बनचे प्रमाण शेकडा पाव भागाहून कमी असेल तर त्याला मृदू पोलाद म्हणतात. खिडकीचे गज, साधे खिळे, तार यांसाठी ते चालते. पण कितीही तापवून पाण्यात बुडवले, तरी ते पुरेसे कठीण होत नाही. पटाशी किंवा कानस यांच्या पोलादात कार्बन शेकडा सुमारे एक भाग असतो. एवढ्याशा फरकाने सारे चित्र बदलते.

हे पोलाद सर्वत्र एकसारखे असणेही महत्त्वाचे असते. इंग्लंडमधील बेंजामिन हंट्समन हा व्यवसायाने घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून १७४०च्या दशकात शेफील्डजवळ त्याने पोलाद मुशीत पूर्ण वितळवून ओतण्याची पद्धत बसवली. वितळल्यामुळे कार्बन सगळीकडे सारखा पसरला आणि पोलाद एकजीव झाले. शेफील्डच्या पोलादाला आणि हत्यारांना पुढे जे नाव मिळाले, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा होता.

आता उष्णतेची प्रक्रिया. गावातला लोहार विळा किंवा कोयता लाल करून पाण्यात बुडवतो. याला तो ‘पाणी देणे’ म्हणतो. पाणी दिल्याने नेमके काय होते, ते तुम्हाला स्वतः करून पाहता येईल.

प्रयोग पहिला: तीन सुयांची गोष्ट

साहित्य: शिवणाच्या तीन जाड सुया, पक्कड, स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची शेगडी, थंड पाण्याची वाटी, बारीक पॉलिश पेपर, जाड फडके. हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखत करा. डोळ्यांवर चष्मा हवाच. सूई वाकवताना ती फडक्यात गुंडाळून मगच वाकवा.

कृती: पहिली सूई पकडीत धरून लालबुंद होईपर्यंत तापवा आणि ज्योतीतून अगदी हळूहळू वर उचलत थंड होऊ द्या. ती वाकवून पाहा. तारेसारखी सहज वाकेल आणि वाकलेलीच राहील.

दुसरी सूई लालबुंद करा आणि लगेच पाण्यात बुडवा. सूई बारीक असल्याने हवेतच थंड होऊ नये, म्हणून वाटी ज्योतीच्या अगदी जवळ ठेवा. ही सूई वाकवू गेलात तर काचेसारखी कटकन मोडेल.

तिसरी सूई दुसरीप्रमाणेच पाण्यात बुडवून घ्या. मग पॉलिश पेपरने घासून उजळ करा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून सावकाश तापवा. सुईवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जाईल. निळा दिसताच ती बाजूला घ्या. ही सूई वाकेल आणि सोडताच पुन्हा सरळ होईल.

तिन्ही सुया एकाच पोलादाच्या, पण एक मऊ, एक ठिसूळ आणि एक चिवट! पाणी दिल्याने पोलाद कठीण होते, पण सोबत ठिसूळपणाही येतो. मग पुन्हा बेताने तापवून थोडे काठिण्य सोडून द्यायचे आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा मिळवायचा, ही ती युक्ती. किती तापवायचे हे कामावर ठरते. फिकट पिवळा रंग सुमारे २२५ अंश सेल्सियसला येतो, तर निळा सुमारे ३०० अंशांना. धार टिकवायची असेल तर पिवळ्यावर थांबायचे, लवचीकपणा हवा असेल तर निळ्यापर्यंत जायचे. हे रंग पोलादाचे नसतात. तापल्यावर पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, त्याच्यामुळे ते दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग आणि हे रंग यांचे कारण एकच आहे.

हत्यार स्वस्त असते ते बहुधा येथेच. कार्बन कमी असतो किंवा पाणी नीट दिलेले नसते. वरून मात्र सारे सारखेच चकाकते.

दुकानात करायच्या कसोट्या

दुकानदाराला विचारून पुढील कसोट्या करून पाहा. यांना यंत्र लागत नाही, फक्त डोळे उघडे हवेत.

स्क्रू-ड्रायव्हर: मुठीचा व्यास ३० मिलिमीटर आणि टोकाची रुंदी ६ मिलिमीटर असेल, तर मुठीच्या कडेवर लावलेले बल टोकाच्या कडांवर पाचपट होते. चाक आणि आस यांचे हे साधे उदाहरण आहे. तुम्ही ४० न्यूटन बल लावले की टोकाच्या कडांवर २०० न्यूटन येते. टोक मऊ असेल तर ते पिळवटते, स्क्रूच्या खाचेतून सुटते आणि थेट तळहातात शिरते. म्हणून टोक कठीण आहे ना, ते पाहायचे. लहानशी जुनी कानस त्यावर हलकेच फिरवा. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर पोलादाला पाणी चांगले दिलेले आहे. कानशीने भुकटी निघू लागली तर ते मऊ आहे. ही कसोटी क्रोमचा मुलामा असलेल्या भागावर मात्र करू नका. मुलामा स्वतःच कठीण असतो आणि तो फसवतो. टोकाच्या दोन्ही बाजू वर-वर जाडच होत जाणाऱ्या पाचरीसारख्या नसाव्यात. टोकाजवळ त्या जवळजवळ समांतर असल्या तर स्क्रूच्या खाचेत घट्ट बसतात.

पक्कड: ही दुहेरी तरफ आहे. हाताची पकड खिळीपासून १२ सेंटिमीटरवर आणि तार कापायची धार दीड सेंटिमीटरवर असेल, तर बल आठपट होते. १०० न्यूटनचे ८०० न्यूटन झाले! एवढे बल खिळीला सोसावे लागते. म्हणून पकडीचे दोन्ही जबडे हातात धरून आडवे हलवून पाहा. खिळीत खुळखुळ असेल तर ती पक्कड परत ठेवा. मग जबडे मिटून उजेडाकडे धरा. टोके मिटलेली असावीत, आणि कापायच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसू नये. वहीचा पातळ कागद त्या धारेत धरून दाबा. तो स्वच्छ कापला गेला तर धारा जुळलेल्या आहेत.

हातोडी: येथे धातूपेक्षा दांडा पाहा. लाकडाचे रेषे दांड्याच्या लांबीला समांतर असावेत. ते तिरपे बाहेर गेलेले असतील तर दांडा त्याच रेषेवर मोडतो. दांड्याच्या माथ्यात पाचर ठोकलेली असावी, आणि डोके हाताने ओढून जरासुद्धा हलू नये. नवशिक्याला ३०० ग्रॅमच्या आसपासची हातोडी पुरे.

गुण्या: सुताराचा गुण्या नव्वद अंशांचा आहे की नाही, हे ओळखायला दुसऱ्या अचूक गुण्याची गरज नाही. तो गुण्या स्वतःच आपली चूक सांगतो. कसे ते पाहू.

प्रयोग दुसरा: चूक दुप्पट करून पाहणे

ज्याची एक कड सरळ आहे असा प्लायवुडचा तुकडा घ्या. गुण्याचा जाड भाग त्या कडेला घट्ट टेकवून अणकुचीदार पेन्सिलीने एक रेघ ओढा. आता गुण्या उलटा करा, म्हणजे जाड भाग त्याच कडेला पण पाते उलट बाजूस वळलेले, आणि कडेवरच्या त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे, कारण पहिल्या वेळी तो जितका उजवीकडे झुकतो तितकाच दुसऱ्या वेळी डावीकडे झुकतो.

समजा, २० सेंटिमीटर उंचीवर रेघांमध्ये २ मिलिमीटर अंतर पडले. म्हणजे चूक १ मिलिमीटरची, कोनात साधारण पाव अंशाहून थोडी जास्त. डोळ्यांना ती जाणवणारही नाही. पण पेटीच्या चारही कोपऱ्यांत हीच चूक एकाच बाजूला साठत गेली तर झाकण बसणार नाही. पाणसळीचीही परीक्षा याच रीतीने होते. एका फळीवर ठेवून बुडबुडा कोठे आहे ते पाहा, मग ती जागच्या जागी उलटी फिरवून ठेवा. पाणसळ खरी असेल तर बुडबुडा फळीच्या त्याच टोकाकडे तितकाच सरकलेला दिसेल.

मापनाचे हत्यार स्वस्त आहे म्हणून घेऊ नका आणि महाग आहे म्हणून त्यावर विसंबूही नका. तपासून घ्या.

जुन्या बाजारातला खजिना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणी जुनी हत्यारे मिळतात. प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा भंगारवाला असतोच. तेथे थोड्या पैशांत उत्तम पोलाद हाती लागू शकते, पण पारख अधिक कडक हवी.

गंज पाहून घाबरू नका. तांबूस पातळ गंज वरवरचा असतो. हत्यार लिंबाच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात काही तास ठेवले आणि ब्रशने घासले की तो सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल घालवा, हत्यार कोरडे करा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. खोल खड्डे पडलेले असतील तर मात्र विचार करा. पटाशीची धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जेथे मिळतात ती रेषा. पटाशीच्या पाठीवर धारेजवळ खड्डे असतील तर त्या रेषेत खाचा पडणारच, मग उताराची बाजू कितीही घासा. खड्डे दांड्याजवळ असतील तर काही बिघडत नाही.

धारेजवळ निळा डाग दिसला तर समजा की कोणीतरी ती धार यंत्राच्या चाकावर जोरात दाबून लावली आहे. तिसऱ्या सुईची आठवण करा. निळा रंग म्हणजे धातू ३०० अंशांपर्यंत तापला आणि पाणी उतरले. तेवढा भाग धार धरणार नाही. डाग लहान असेल तर तो घासून काढता येतो, पण किंमत कमी करून मागायला हे कारण पुरेसे आहे.

प्रयोग तिसरा: लपलेली चीर शोधणे

जुन्या पान्याला किंवा हातोडीच्या डोक्याला बारीक चीर असेल तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वस्तू स्वच्छ करून तिच्यावर रॉकेल किंवा पातळ तेल लावा आणि अर्धा तास ठेवा. जवळपास ज्योत नको. नंतर ती फडक्याने अगदी कोरडी पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. काही वेळाने पांढऱ्या पुडीत ओलसर काळपट रेघ उमटली तर तेथे चीर आहे. केशाकर्षणामुळे तेल चिरेत शिरले होते, तेच आता खडूने बाहेर शोषून घेतले. यंत्रांच्या भागांतील तडे शोधण्यासाठी रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी हीच रीत वापरत असत.

हिशेब: स्वस्त केव्हा महाग पडते?

समजा, एक साधी पटाशी १५० रुपयांना आणि एक चांगली ४५० रुपयांना आहे. दोन्हींना जास्तीत जास्त २०० वेळा धार लावता येते, मग पाते संपते. साधी पटाशी दर खाचेनंतर बोथट होते, चांगली दर पाच खाचांनंतर. म्हणजे साधीने २०० खाचा पडतील, चांगलीने १,०००. एका खाचेला साधीचा खर्च ७५ पैसे, चांगलीचा ४५ पैसे. धार लावायला पाच मिनिटे लागत असतील तर साधीमुळे दर खाचेमागे पाच मिनिटे जातील, चांगलीमुळे एकच मिनिट.

येथे चांगली पटाशी जिंकली. पण थांबा. तुम्ही जन्मात वीसच खाचा पाडणार असाल तर? साधीचा खर्च खाचेमागे साडेसात रुपये, चांगलीचा साडेबावीस. आता साधी जिंकली! म्हणून हत्यार घेण्यापूर्वी स्वतःला विचारा: हे मी किती वेळा वापरणार? उत्तर माहीत नसेल तर आधी साधे किंवा जुने हत्यार घ्या. ते वापरून वापरून झिजले तर त्याच्या जागी उत्तम घ्या, कारण त्याची गरज तुम्हाला आहे हे आता सिद्ध झाले.

चाळीस नगांच्या चकचकीत पेट्यांनाही हाच हिशेब लावा. त्यांतले तुम्हाला लागणारे नग मोजा. ते सहाच निघाले तर पेटीची किंमत चाळीसने नव्हे, सहाने भागा.

कोठे वाचवावे, कोठे वाचवू नये

हॅक-सॉचे उदाहरण घ्या. चौकट साधी असली तरी चालते, फक्त ती पाते ताणून सरळ धरणारी हवी. पैसे खर्च करायचे ते पात्यावर. शिवाय पाते कामाप्रमाणे निवडावे. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत. ३ मिलिमीटरच्या पट्टीवर इंचाला १८ दात्यांचे पाते लावले तर जेमतेम दोन दाते बसतात आणि ते अडकून तुटतात. ३२ दात्यांच्या पात्याचे जवळजवळ चार बसतात. पाते बसवताना दात्यांची टोके आपल्यापासून दूर, पुढच्या दिशेने ठेवावीत.

लाकडी मोगरी, धारेच्या दगडाचा ठोकळा, टोच्या, खुंट्या या वस्तू घरी करता येतात. धार धरणारी, मापणारी आणि जिच्यावर शरीराची सुरक्षितता अवलंबून आहे अशी हत्यारे मात्र पारखून चांगलीच घ्यावीत. व्हाइस महाग असतो, पण रोज लागत नाही. गल्लीतल्या चौघांनी मिळून एक घेतला तर प्रत्येकाला पाव खर्च येतो.

आपल्या देशात पंजाबातील जालंधर व लुधियाना, तसेच राजस्थानातील नागौर ही हातहत्यारांची नावाजलेली केंद्रे आहेत. तेथील चांगला माल परदेशीही जातो. देशी म्हणजे कमी दर्जाचे, हा समज सोडून द्या. आय.एस.आय.चे चिन्ह असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो, तेही पाहून घ्या. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेची जागा १९८७मध्ये भारतीय मानक ब्यूरोने घेतली, पण चिन्ह तेच राहिले.

हे कधीही करू नका

पकडीच्या मुठीवर प्लास्टिक आहे म्हणून ती विजेपासून वाचवते, असे मानू नका. बहुतेक मुठींवरचे प्लास्टिक फक्त पकड बसण्यासाठी असते. विजेच्या कामासाठी तपासलेल्या हत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे लिहिलेले असते. आणि तसे हत्यार असले तरी चालू प्रवाहाच्या तारांना हात लावणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे.

एका हातोडीवर दुसरी हातोडी मारू नका. दोन्ही कठीण असल्याने कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. कानशीने काही उचकटू नका. ती दुसऱ्या सुईची बहीण आहे, कटकन मोडेल. कानशीला दांडा बसवल्याशिवाय ती वापरूही नका.

पहिली खरेदी

सुरुवातीला इतके पुरे: ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी, गुण्या, हातोडी, दोन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, हॅक-सॉ, एक चपटी कानस आणि १२ मिलिमीटरची एक पटाशी. ही सगळी एकदम घेऊ नका. हाती घेतलेल्या कामाला जे लागेल ते त्या वेळी घ्या. काम संपल्यावर हत्यार पुसून, तेलाचा हात फिरवून जागेवर ठेवा. पावसाळ्यात तर हे विसरूच नका. महागडे हत्यार ओल्या कोपऱ्यात पडले तर गंज त्याची किंमत विचारत नाही.

विचार करा आणि करून पाहा

१. घरातल्या गुण्याची किंवा कंपासपेटीतल्या काटकोनी त्रिकोणाची चूक दुसऱ्या प्रयोगाने मोजा.

२. घरातल्या पकडीचे बल कितीपट होते ते पट्टीने मापून काढा.

३. विळीचे पाते यंत्रावर धार लावून आणल्यावर त्यावर निळे डाग दिसतात का? दिसले तर धार लावणाऱ्याला काय सुचवाल?

४. पटाशीच्या हिशेबात किती खाचांना दोन्ही पटाश्यांचा एकूण खर्च सारखाच येईल? लक्षात ठेवा, साधी पटाशी दर २०० खाचांनंतर नवी घ्यावी लागते.